सीडर माज आणत नाही, रोखतो

सीडर (योनीत बसवायचे, प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सोडणारे साधन) बसवला की गाय माजावर येते, असा गोठ्यांवर सर्रास समज आहे. खरे तर तो आत असेपर्यंत माज अडवून धरतो. माज येतो तो काढल्यावर.

योनीत बसणाऱ्या या टी आकाराच्या साधनात 1.38 ग्रॅम प्रोजेस्टेरॉन असते. अंडाशयातला पीतपिंड (बीजांड सुटल्यावर त्या जागी बनणारा, प्रोजेस्टेरॉन स्रवणारा गोळा) जे करतो तेच ते करते: मेंदूतून सुटणाऱ्या जीएनआरएच या संप्रेरकाचे झटके विरळ करते. मग मेंदूखालची पियुषिका ग्रंथीही एलएच (बीजांड सोडवणारे संप्रेरक) काही तासांतून एकदाच सोडते. पुटक (बीजांड असलेली अंडाशयातली पिशवी) वाढते, पण फुटत नाही. प्रोजेस्टेरॉन उतरले की एलएचचे झटके जवळपास तासातासाला येतात, मोठे पुटक भरपूर इस्ट्राडायोल (माज आणणारे संप्रेरक) बनवते. एरवी एलएचला आवर घालणारे हेच इस्ट्राडायोल, प्रोजेस्टेरॉनचा पहारा उठताच, एलएचची लाट उसळवते.

व्यायल्यानंतर किमान 45 दिवस झालेले हवेत. गाय गाभण नाही आणि गर्भाशयात पू नाही, हे पशुवैद्यकाकडून आधी तपासून घ्या. पुढची इंजेक्शनेही त्यांच्याच हातून.

दिवस 0: योनीमुख धुवून, कोरडे पुसून सीडर बसवा. सोबत बुसेरेलिन (जीएनआरएचसारखे काम करणारे औषध) 10 मायक्रोग्रॅम स्नायूत. जुने मोठे पुटक फुटून पुटकांची नवी फळी वाढू लागावी, म्हणून.

दिवस 7: सीडर काढा, क्लोप्रोस्टेनॉल (पीतपिंड विरवणारे औषध) 500 मायक्रोग्रॅम द्या. हे टाळले तर गाईचा स्वतःचा पीतपिंड तसाच राहतो आणि सीडर काढूनही प्रोजेस्टेरॉन उतरत नाही. साधनावर घट्ट, गढूळ चिकटा दिसला तर घाबरू नका, तसा बहुधा असतोच. घाण वास असेल तर मात्र दाखवा.

दिवस 9: पुन्हा बुसेरेलिन 10 मायक्रोग्रॅम. त्यानंतर 16 ते 20 तासांनी कृत्रिम रेतन, माज दिसो वा न दिसो. मुका माज (बाहेरून लक्षणे न दिसणारा) असलेल्या म्हशींत याचाच फायदा. इंजेक्शनाआधीच गाय स्पष्ट माजावर आली तर थांबू नका: सकाळी दिसली तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसली तर सकाळी.

सर्वांत फसवी चूक म्हणजे 'राहू दे अजून आठवडाभर'. साधनातले प्रोजेस्टेरॉन घटत जाते. गाईचा पीतपिंड एव्हाना आपोआप विरला असेल, तर उरलेले प्रोजेस्टेरॉन एलएचची लाट अडवायला पुरते, झटके विरळ करायला पुरत नाही. त्या झटक्यांवर एकच पुटक फुगत, शिळे होत राहते. पुढे गाय झकास माज दाखवते, बळसही (माजातला चिकट स्राव) स्वच्छ, आणि तरी उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते. दोष मग रेतमात्रेला दिला जातो.

सीडरची बाहेर दिसणारी शेपटी रोज बघा. मध्येच निखळला तर वेळापत्रकच कोसळते. शरीरगुणांक (अंगावरच्या मांस-चरबीचा अंदाज) 5 पैकी 2.5 च्या खाली असलेल्या गाईवर खर्च करण्याआधी तिचा खुराक सुधारा. ऊर्जेची तूट असली की मेंदू जीएनआरएचच मोजून-मापून सोडतो.

क्लोप्रोस्टेनॉल कातडीतून शरीरात जाते आणि गाभण जनावराचा गर्भ पाडते. गरोदर बायांनी आणि दमेकऱ्यांनी त्याला हातच लावू नये, इतरांनी हातमोजे घालावेत. गोठ्यातले बरेचसे काम बायाच करतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवा.

रेतनानंतर 18व्या ते 24व्या दिवसापर्यंत सकाळ-संध्याकाळ लक्ष ठेवा. उलटायची असेल तर गाय बहुधा याच दिवसांत कळवते.