आधी छत्र शिवा, बाहुली मागाहून

रेडिओ-रिमोटवर चालणारी पॅराशूटवाली बाहुली करायची म्हटलं की लोक आधी बाहुलीलाच हात घालतात. चेहरा रंगव, हेल्मेट कर, गॉगल लाव. महिना त्यात जातो आणि छत्र शेवटच्या रविवारी उरकलं जातं. मग बाहुली दगडासारखी खाली येते. माझं म्हणणं उलटं आहे. आधी छत्र शिवा, ते तांदळाच्या पिशवीवर तपासा, आणि ते नीट उडायला लागल्यावरच बाहुलीचा विचार करा. मी बडोद्याच्या दांडिया बाजारात ब्लाउज शिवते, त्यामुळे शिलाईच्या बाजूने बोलणार हे उघड आहे. विजेची कामं माझ्या भाच्याची. तो कलाभवनात, म्हणजे एम. एस. युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत शिकतो.

आपल्याला गोल छत्री करायची नाही. गोल छत्री वारा नेईल तिकडे जाते, तिला रेडिओ लावून काय करणार? आपल्याला हवं चौकोनी, खणाखणांचं छत्र. त्याला पुढून तोंडं असतात, त्यातून हवा शिरते आणि कापडाचा फुगून पंख होतो. हे काढलं डॉमिना जाल्बर्ट नावाच्या माणसाने. अमेरिकेत १९६६ साली त्याला पेटंट मिळालं. आणि हा गृहस्थ मुळात पतंग करणारा! बडोद्यात राहून हे ऐकल्यावर मला तरी नवल वाटलं नाही.

माप असं धरा: रुंदी १३० सेंटीमीटर, पुढून मागे लांबी ५५ सेंटीमीटर, सात खण, म्हणजे खणांच्या मधले आणि कडेचे मिळून आठ उभे पडदे. क्षेत्रफळ सुमारे ०.७ चौरस मीटर होतं. याखाली ६०० ते ६५० ग्रॅमचं ओझं छान चालतं, वेग ताशी सतरा-अठरा किलोमीटरच्या आसपास राहतो. ओझं दीड किलोवर नेलंत तर बाहुली गोळीसारखी धावते आणि उतरताना पाय मोडून घेते.

कापड रिपस्टॉप नायलॉन. बारीक चौकड्यांची वीण असते, ते. दुकानात उभ्या-उभ्या एक परीक्षा करा: कापड ओठांवर घट्ट धरून फुंका. पलीकडे धरलेल्या तळहाताला हवा लागली तर ठेवा तिथेच. मंगळ बाजारात जॅकेटच्या अस्तराचं कापड रिपस्टॉप म्हणून दाखवतात, दिसायला तसंच असतं, पण फुंकर आरपार जाते. वजन चौरस मीटरला ३५ ते ४० ग्रॅम बरं. पन्हा दीड मीटरचा मिळाला तर वरचं आणि खालचं कापड अखंड निघतं. पन्ह्याच्या दिशेने छत्राची रुंदी धरा, लांबीचा धागा पुढून मागे जाऊ द्या. उरेब, म्हणजे तिरपं कापलेलं, अजिबात नको. उरेब कापड ताणतं, आणि एक खण ताणला की सगळं छत्र एका अंगाला वळत राहतं.

पडद्याचा आकार आधी तीन मिलिमीटर प्लायमध्ये कापून घ्या. लांबी ५५, सगळ्यात जाड जागा ८ सेंटीमीटर, नाकाकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, साधारण पाव लांबीवर. नाक तिरकं छाटा, साडेचार सेंटीमीटरची उघडी फट राहील असं. कापड काचेवर पसरा, प्लाय वर दाबा आणि बारीक टोकाच्या सोल्डरिंगने कडेकडेने फिरा. कात्री वापरू नका. तापलेलं टोक कापतं आणि कड वितळवून बंदही करतं, दशा निघत नाहीत. वरून-खालून शिलाईसाठी अर्धा सेंटीमीटर सोडायचा. मधल्या सहा पडद्यांना दोन-दोन भोकं पाडा, कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या झाकणाएवढी. या भोकांतून हवा खणाखणांत फिरते आणि एखादा खण पडला तर शेजारचा त्याला फुगवतो. कडेच्या दोन पडद्यांना भोक नाही.

आता शिलाई. सुई ११ नंबरची, नवी. धागा पॉलिएस्टर. सुती धागा टाळा, तो ओला-सुका होताना आकसतो. टाका अडीच ते तीन मिलिमीटर. फार बारीक टाका मारला तर कापडाला छिद्रांची ओळ पडते आणि ते तिथूनच फाटतं. खालच्या कापडावर खडूने आठ रेघा मारा. प्रत्येक रेघेवर कापड दुमडून त्या दुमडीला पडदा लावून टीप मारायची. याच टिपेत सहा मिलिमीटर रुंद साटिनच्या फितीचे छोटे फास अडकवून घ्या, प्रत्येक पडद्याला चार. नाकापासून ५, १८, ३१ आणि ४४ सेंटीमीटरवर. त्यांना अ, ब, क, ड म्हणू. दोऱ्या इथे बांधायच्या आहेत, म्हणून फासावर टीप पुढे-मागे तीनदा न्या.

वरचं कापड खालच्याइतकंच कापणाऱ्यांची इथे फजिती होते. पडद्याची वरची कड गोल आहे, तिच्यावरून टेप फिरवा, ५८-५९ सेंटीमीटर भरेल. तेवढीच लांबी वरच्या कापडाला हवी. शिवाय प्रत्येक दुमड एक सेंटीमीटर खाते, तेव्हा पन्ह्याकडून आठ-नऊ सेंटीमीटर जास्त धरा. वरचं कापड एका टोकापासून लावत जायचं, मधून नाही. शिवून झालेले खण गुंडाळी करून मशीनच्या उजवीकडे सरकवत राहा. शेपटीची आडवी शिलाई सगळ्यात शेवटी. तोंडाच्या कडा दुमडून टीप मारा, नाहीतर त्या वाऱ्यात फडफडतात आणि सतत आवाज करतात.

दोऱ्यांकडे या. उत्तरायणामुळे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांमुळे, इथे प्रत्येकाच्या माळ्यावर फिरकी असतेच आणि पहिला मोह तिचाच होतो. मांजा कापड कापतो, सादी सुती दोरी दमट हवेत कमी-जास्त होते, आणि प्लॅस्टिकची ती ‘चायनीज’ दोरी रबरासारखी लांबते. शिवाय नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ पासून देशभर बंदी घातलेली आहे, घरात ठेवूच नका. मासे पकडायची विणलेली ब्रेडेड लाइन आणा, पन्नास पौंडांची. ती ताणत नाही. बत्तीस दोऱ्यांना पन्नास मीटरची रीळ पुरते, ब्रेकसाठी, म्हणजे वळवायच्या आणि वेग मारायच्या दोऱ्यांसाठी, थोडी उरते.

लांब्या कुठून आणायच्या? भिंतीवरून. खाकी कागद भिंतीला चिकटवा आणि पडदा खऱ्या मापाने काढा, पण नाक शेपटीपेक्षा पाच सेंटीमीटर खाली झुकवून. नाकाच्या मागे १७ सेंटीमीटरवर ओळंबा सोडा आणि एक मीटर खाली खिळा ठोका. तो खिळा म्हणजे बाहुलीचा खांदा. आता अ, ब, क, ड पासून खिळ्यापर्यंत मोजा. माझ्या भिंतीवर अ साडेनव्व्याण्णव, ब शंभर, क एकशे दोन, ड एकशे सहा आले. आठही पडद्यांना अ एकसारखे, ब एकसारखे, तसेच क आणि ड. सगळ्या दोऱ्या सारख्या असल्या की छत्र आपोआप कमानीत येतं, कमानीचा वेगळा हिशेब नको. फळीवर दोन खिळे ठोकून त्यांच्याभोवती दोरी बांधा, म्हणजे आठ दोऱ्या अचूक निघतात. या दोऱ्या गुळगुळीत, गाठ घसरते. गाठीवर फेव्हिक्विकचा एक थेंब सोडा. डाव्या चार पडद्यांचे अ-ब एका कडीत, क-ड दुसऱ्या कडीत. उजवीकडे तसंच. अशा चार कड्या होतात.

ब्रेकच्या दोऱ्या शेपटीला: प्रत्येक बाजूच्या बाहेरच्या तीन पडद्यांच्या टोकाला एकेक, आणि तिन्ही मिळून खाली एक.

आता तांदूळ. सहाशे ग्रॅम तांदूळ पिशवीत घट्ट बांधा आणि संध्याकाळी मोकळ्या मैदानात जा. आधी पिशवीशिवाय. चारही कड्या दोन हातांत, तोंड वाऱ्याकडे, चार पावलं पळा. छत्र डोक्यावर येऊन थांबलं पाहिजे. ते मागेच रेंगाळत असेल तर नाक जास्त वर आहे: क आणि ड थोडे लांब करा, अर्धा-अर्धा सेंटीमीटरने. ते डोक्यापुढे धावत जाऊन नाक आत दुमडून घेत असेल तर उलटं, क-ड आखूड करा. एकाच बाजूला झुकत असेल तर शिलाईला दोष देण्याआधी त्या बाजूच्या सोळा दोऱ्या पुन्हा मोजा. दहातल्या नऊ वेळा एखादी दोरी चुकलेली असते. मग पिशवी अडकवून पळत सोडून बघा. ती हातातून सुटून सरळ तरंगत दहा-पंधरा पावलं गेली की छत्र झालं. हे होईपर्यंत सर्व्हो, म्हणजे बाहुलीचे हात हलवणाऱ्या छोट्या मोटरी, विकत आणू नका. भाचा म्हणतो, “मावशी, तू पोरांना फार वाट बघायला लावतेस.” लावते.

बाहुलीचं आता भराभर सांगते. उंची चाळीस सेंटीमीटर. छातीत प्लायची पेटी, बाकी अंग पॅकिंगच्या फोमचं. पेटीत दोन सर्व्हो आडवे, त्यांच्या दांड्यांवरच दोन्ही हात बसवायचे. हात खांद्यापासून मुठीपर्यंत तेरा सेंटीमीटर, आणि ब्रेकची दोरी मुठीला. म्हणजे बाहुली खरंच हाताने ब्रेक ओढते, तीच तर मजा. छोटे नऊ ग्रॅमवाले सर्व्हो इथे टिकत नाहीत. तीनशे ग्रॅमची ओढ तेरा सेंटीमीटरवर म्हणजे जवळपास चार किलो-सेंटीमीटर जोर लागतो. एमजी ९९६ आर सारखा धातूच्या दातांचा घ्या. बॅटरी चार पेन्सिल सेलची, रिचार्जेबल, आणि ती पायांत, म्हणजे वजन खाली राहतं.

रिमोट सहा चॅनलचा साधा पुरतो, फ्लायस्काय आय-सिक्स वगैरे. त्यात एलेव्हॉन मिक्स, म्हणजे एकाच काठीने दोन्ही सर्व्हो चालवायची सोय, लावा. उजवी काठी डावीकडे नेली की डावा हात खाली येतो, मागे ओढली की दोन्ही हात खाली. काठी मध्यावर असताना ब्रेकच्या दोऱ्या दोन-तीन सेंटीमीटर ढिल्या दिसल्या पाहिजेत. ताठ असल्या तर बाहुली सतत ब्रेक लावून उडते आणि कधीतरी मागे कोसळते. फेलसेफ न विसरता लावा: सिग्नल गेला तर डावा हात थोडा खाली. मग ती जागच्या जागी गिरक्या घेत उतरते, शेजारच्या गावात जात नाही.

कपड्यांत मी लुडबुड केलीच. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून विमानातून उडी घेतली होती. मग आमची बाहुलीही नऊवारीत. काष्टा पायांना टाचून टाकला आहे, पदर शिवून बंद. मोकळा पदर दोऱ्यांत अडकतो.

वर न्यायचं कसं? विमान किंवा ड्रोन असेल तर उत्तम, आमचा मार्ग अर्थातच पतंग. पण गेंडीगेटवर मिळणारा कागदी पतंग हे वजन उचलत नाही. सहा कोनांचा जपानी रोक्काकू, दोन मीटर उंच, याच रिपस्टॉपचा, फायबरच्या काठ्यांचा. दोरी जाड, टोक ट्रॅक्टरला बांधलेलं, हातात मोजे. किन्ना, म्हणजे पतंगाला दोरी जोडायचा फास, नीट बांधता येणारा माणूस बडोद्यात शोधावा लागत नाही, घरोघरी एक काका असतातच. पतंग स्थिर झाला की त्याच्या पंधरा मीटर खाली दोरीला बाहुली अडकवा. तिच्या पाठीशी तिसरा छोटा सर्व्हो एक पिन ओढतो, पिन सुटली की ती सुटते.

छत्र घडी घालताना सगळे खण एकावर एक, तोंडं एका बाजूला, शेपूट भोवती गुंडाळून, मग नागमोडी घडी आणि पातळ कापडाच्या पिशवीत. ही पिशवी पतंगाच्या दोरीला कायमची बांधलेली. बाहुली पडते, तिच्या वजनाने आधी दोऱ्या ताठ होतात, मग छत्र पिशवीतून बाहेर येतं. रिकामी पिशवी वरच राहते. चारही कड्यांच्या वर, दोऱ्यांत, बारा बाय दहा सेंटीमीटरचा एक कापडी चौकोन ओवा, चार कोपऱ्यांना चार आयलेट. घडीच्या वेळी तो छत्राला लागून असतो आणि छत्र उघडताना हळूहळू खाली घसरतो, झटका कमी बसतो. उघडायला दहाएक मीटर जातात असं धरा, म्हणून पन्नास-साठ मीटरच्या खालून सोडू नका.

जागा आणि वारा. विमानतळ हरणीला आहे, तेव्हा त्या बाजूचा विचारच नको. ड्रोन कुठे उडवता येतात ते रंगांनी दाखवणाऱ्या सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आपली जागा कुठल्या रंगात येते ते बघून मगच निघा. आम्ही पादरा गावाकडे एका नातलगाच्या कापणी झालेल्या शेतात जातो, विजेच्या तारांपासून लांब. वारा ताशी चौदा-पंधरा किलोमीटर हवा. त्याहून कमी असला तर पतंग ओझं उचलत नाही, जास्त असला तर बाहुली वाऱ्याकडे तोंड करूनही मागे-मागे जाते. तेव्हा तेवढाच वारा मिळेपर्यंत अडून बसा. उन्हाळ्यात दुपारी जमिनीतून गरम हवेचे झोत उठतात, खण पडतात. फेब्रुवारी-मार्चची संध्याकाळ पाचची वेळ चांगली.

सुटल्यावर पहिले काही क्षण काठीला हात लावू नका, छत्र पूर्ण फुगू द्या. मग हलकं वळण, पुरा हात एकदम खाली कधीच नाही. उंची असेपर्यंत वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, राहा. वाऱ्याबरोबर लांब गेलेली परत आणता येत नाही. शेवटचं वळण वाऱ्याकडे तोंड करून, आणि जमीन दोन मीटरवर आली की काठी सावकाश मागे. दोन्ही हात खाली येतात, वेग मरतो, बाई उभ्याने उतरतात. उतरल्या-उतरल्या छत्र पकडायला एकाने धावायचं, नाहीतर वारा तिला काट्यांतून फरफटत नेतो.

घरी आल्यावर छत्र सावलीत वाळवा. साबण नको, ऊन नको, इस्त्री तर नकोच. घट्ट घडी न घालता उशीच्या अभ्र्यात सैल भरून ठेवा, दोऱ्यांची वेणी घालून.