थंडीत कोंबड्यांचं पाणी: अंडी घटण्याचं कारण आधी टाकीत शोधा

निफाड, सिन्नर, येवला या पट्ट्यात मार्गशीर्ष-पौषात पहाटेचा पारा पुष्कळदा 10 अंशांच्या खाली जातो. निफाडला तर एखाद्या वर्षी 5 अंशांच्याही खाली. अशा वेळी आपण शेडचे पडदे बांधतो, बल्ब वाढवतो, तूस जाड पसरतो. पाणी मात्र टाकीतून येईल तसंच पक्ष्यांपुढे जातं. थंडीत अंडी कमी झाली की मी सर्वात आधी टाकीत हात घालून बघतो.

अंड्यावरची कोंबडी दिवसाला 110 ते 120 ग्रॅम खाद्य खाते आणि साधारण त्याच्या दुप्पट पाणी पिते. कवच सोडलं तर अंड्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. पाणी फार गार लागलं की कोंबडी चोच बुडवते आणि मागे सरते. पाणी कमी प्यायली की खाद्यही कमी खाते. नेमकं याच दिवसांत अंगाची ऊब टिकवायला तिला जास्त खाद्य लागतं, म्हणून फटका दुहेरी बसतो.

निरभ्र रात्री उघड्यावरच्या वस्तू हवेपेक्षाही जास्त गार होतात. पारा तीन-चार अंशांवर असतानाही द्राक्षाच्या पानावरचं दव गोठतं ते यामुळेच. अंगणात उथळ पाटीत पाणी राहिलं असेल तर त्यावरही अशा पहाटे बर्फाची पापडी धरू शकते. शेडवरच्या टाकीचंही रात्रभर हेच होतं. बोअरचं पाणी मात्र भर थंडीतही हाताला कोमट लागतं. त्या उबेचा फायदा घ्या. संध्याकाळी टाकीत रात्रीपुरतंच पाणी ठेवा आणि पहाटे बोअर चालू करून ताजं पाणी भरा. वीज रात्रीचीच असेल तर टाकीला गोणपाट गुंडाळा, वर पाचट रचून ताडपत्री बांधा. उघडा पाइप वीतभर तरी मातीखाली घ्या. निपल लाइन (चोचीने दाबून पाणी प्यायचे नळ असलेला पाइप) असेल तर सकाळी टोक उघडून रात्रीचं साचलेलं पाणी सोडून द्या.

उजेड झाल्या झाल्या आणि अंधार पडण्याआधी पक्षी सर्वात जास्त पाणी पितात. ताजं पाणी याच दोन वेळांना हवं. 16 तास उजेड देण्यासाठी तुम्ही पहाटे पाचला बल्ब लावत असाल, तर पाणीही पाचलाच तयार पाहिजे.

परसातल्या गावरान कोंबड्यांना बऱ्याच घरी मातीच्या परळात पाणी ठेवतात. उन्हाळ्यात ते उत्तम, कारण माती पाझरते आणि पाणी गार होतं. थंडीत तेच नको असतं. या दोन महिन्यांत प्लास्टिकचं किंवा रबरी भांडं वापरा, वारा लागणार नाही अशा उन्हाच्या कोपऱ्यात ठेवा आणि रात्री रिकामं करून पालथं घाला. सकाळी बंबातलं थोडं गरम पाणी मिसळलं तरी चालेल, पण बोटाला कोमट लागेल इतकंच. गरम पाण्याला कोंबडी तोंड लावत नाही. पक्ष्यांच्या भांड्यात विजेचा रॉड कधीही टाकू नका. पाणी गोठू नये म्हणून मीठ घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, जादा मिठाने पक्षी मरतात.

पिल्लांची बॅच येणार असेल तर पाण्याची भांडी आदल्या रात्रीच ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या जागेत, ठेवा. पहिल्या आठवड्यात पिल्लांना 35 अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी करत जायचं. प्रवासातून दमून आलेल्या पिल्लाच्या पोटात पहिलंच पाणी गार गेलं तर ते गारठून बल्बखाली गोळा होतं आणि खाद्याकडे फिरकत नाही.

आता औषध आणि लस, कारण सर्वात महागाची चूक इथे होते. थंडीत पक्षी कमी पाणी पितात. उन्हाळ्याच्या सवयीने तेवढ्याच पाण्यात औषध कालवलं तर अर्धं भांड्यातच राहतं, डोस अपुरा पडतो. आदल्या दिवशी पक्षी किती पाणी प्यायले ते मोजा आणि औषधाचं पाणी त्या हिशेबाने घ्या. औषधाची मात्रा पक्ष्यांच्या वजनावर, डॉक्टर सांगतील तशी. पाण्यातून लस देताना ती साधारण दोन तासांत संपली पाहिजे. त्यासाठी आधी पाणी बंद ठेवावं लागतं, आणि थंडीत उन्हाळ्यापेक्षा थोडं जास्त वेळ, कारण तहान उशिरा लागते. लसीच्या पाण्यात क्लोरीन नको.

पडदे बंद असताना सांडलेलं पाणी वाळत नाही. लिटर, म्हणजे खाली पसरलेलं तूस, ओलं होतं, डोळ्यांना झोंबणारा अमोनिया सुटतो, पाठोपाठ रक्ती हगवण येते. भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवा, ओलं तूस रोज उचला आणि पडद्याची वरची फूटभर जागा रात्रीही मोकळी सोडा.

रोज किती पाणी लागलं ते वहीत लिहा. पक्षी आजारी पडायला लागले की बहुतेक वेळा पाणी आधी घटतं, मर नंतर दिसते. पाणी कोमट आहे, भांडी स्वच्छ आहेत, तरीही आकडा खाली आला, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा.