ग्वाल्हेरचा उन्हाळा आणि इन्सुलिनची कुपी

मे-जूनमध्ये ग्वाल्हेरचा पारा ४५ च्या वर जातो, आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. अशा दिवसांत मधुमेह असणाऱ्याची रक्तातली साखर अचानक २५०-३०० दिसू लागली की घरातले सगळे आंब्याकडे बोट दाखवतात. आंबा निर्दोष नाही, पण आधी कुपी तपासा. उकाड्यात राहिलेलं इन्सुलिन निकामी होतं आणि बाहेरून पुष्कळदा तसं दिसतही नाही. म्हणून मनानं डोस वाढवण्याआधी नवी कुपी किंवा इन्सुलिन पेनमधलं नवं कार्ट्रिज (भरलेली नळी) उघडून पाहा.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांवर. मधल्या कप्प्यात, डबीत घालून ठेवा. फ्रीजरमध्ये नको आणि मागच्या भिंतीला चिकटून तर मुळीच नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून पूर्ववत दिसलं तरी फेकायचंच. वापरात असलेलं बहुतेक इन्सुलिन ३० अंशांच्या आत साधारण २८ दिवस टिकतं. नेमका आकडा खोक्यातल्या कागदावर असतो. उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून कुपीला लावा, नाहीतर आठवड्याभरात कुणालाच आठवत नाही.

फ्रिज नसेल किंवा वीज तासन्‌तास जात असेल तर मडकं कामाला येतं. मोठ्या मडक्यात तळाशी चार बोटं रेती घाला, त्यावर लहान मडकं ठेवा आणि मधली फट रेतीनं भरून ती भिजवा. कुपी घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा, वरून ओलं फडकं. सकाळ-संध्याकाळ रेतीवर पाणी शिंपडा. मडकं सावलीत पण वाऱ्यावर हवं. कपाटात कोंडलंत तर पाणी वाळणार नाही, आणि पाणी वाळल्याशिवाय गारवा नाही. खसच्या कूलरचंही तेच तत्त्व. पहिले दोन दिवस दुपारी तीनला आत थर्मामीटर ठेवून पाहा. कोरड्या लूमध्ये, म्हणजे उन्हाळी गरम वाऱ्यात, मडकं छान चालतं. पावसाळी दमट हवेत त्याच्यावर विसंबू नका. कुपी थेट माठाच्या पाण्यात सोडणं ही नेहमीची चूक: लेबल सुटतं आणि रबरी बूच घाण होतं.

पाण्यासारखं स्वच्छ असणारं इन्सुलिन गढूळ झालं तर टाका. मुळात दुधाळ असणाऱ्यात गुठळ्या दिसल्या किंवा काचेला पांढरे कण चिकटले, तर तेही टाका. दुधाळ इन्सुलिन घेण्याआधी तळहातांत १० वेळा फिरवा, १० वेळा उलटंसुलटं करा. जोरात हलवू नका. पेनला सुई लावून ठेवू नका, उन्हाळ्यात इन्सुलिन गळतं आणि हवा शिरते.

सिरिंज घेताना टोपण बघा: लाल म्हणजे ४० युनिटची (एका मिलिलिटरला ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी), केशरी म्हणजे १०० ची. ४० ची कुपी आणि केशरी टोपण अशी गल्लत झाली तर डोस अडीचपट कमी जातो. उलट झाली तर अडीचपट जास्त, आणि ते जिवावर बेतू शकतं.

आंबा खाल्लेल्या बोटानं साखर मोजलीत तर मीटर आंब्याची साखर दाखवील. साबणानं हात धुवा, पुसा, मग टोचा. मीटरच्या स्ट्रिपची डबी लगेच बंद करा.

गच्चीवर कुरडया घालायला अनवाणी जाऊ नका. मधुमेहात तळव्यांची जाणीव कमी झालेली असू शकते, मग चटका कळतच नाही. फोड दिसतो तो रात्री. रोज झोपताना आरसा धरून तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. फोड फोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

उकाड्यात इन्सुलिन रक्तात लवकर उतरतं, त्यामुळे साखर पडूही शकते. घाम, थरथर, डोकं सुन्न वाटलं आणि मीटर ७० च्या खाली गेला, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. एरवी तहानेला गुळाचं पन्हं नको, जिरे घातलेलं ताक चालेल. मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून. उलट्या-जुलाब सुरू झाले तर इन्सुलिन आपल्या मनानं बंद करू नका. मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

सुट्टीत पुण्या-नाशिकला निघालात तर इन्सुलिन रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये न्या. बर्फ पिशवीत बांधून खाली, मध्ये टॉवेलची घडी, वर कुपी. बर्फाला ती टेकता कामा नये.