गोल्फमध्ये हँडिकॅपचे स्ट्रोक मांडताना या चुका टाळा

अठराव्या होलच्या ग्रीनवर कुणी "माझं नेट किती झालं हो?" असं विचारलं, म्हणजे हँडिकॅपचे (कमी तरबेज खेळाडूला मिळणाऱ्या सवलतीचे) स्ट्रोक, म्हणजे फटके, वजा जाता किती उरले ते, की मी समजून जातो. या गृहस्थांनी पहाटेपासून कार्डाकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही.

आमचा रविवारचा गोल्फचा गट आहे. नेरुळ, वाशी, ऐरोलीचे बरेच, आणि घोडबंदर रोडवरून अंधारात निघणारे दोन ठाणेकर. बहुतेक वेळा खारघर व्हॅलीला, पांडवकड्याच्या डोंगराखाली खेळतो, अधूनमधून बाहेरच्या कोर्सवर जातो. खेळात मी मधल्या फळीतला, पण पेन्सिल माझ्या हातात असते. त्यामुळे कुणाच्या स्विंगमध्ये काय बिघडलंय ते मला सांगता येणार नाही, कार्डात काय बिघडलंय ते मात्र झोपेतही सांगेन. चुका दरवर्षी त्याच असतात, करणारे तेवढे नवे येतात.

इंडेक्स घेऊन थेट टीवर जाणं

"माझा हँडिकॅप 21.4" असं ऐटीत सांगणाऱ्याला मी विचारतो, "आणि या कोर्सवर?" मग तो माझ्याकडे बघत राहतो. 21.4 हा तुमचा हँडिकॅप इंडेक्स झाला. शेवटच्या 20 राउंडांतल्या सर्वांत चांगल्या 8 आकड्यांची ती सरासरी. तो तुमच्यासोबत गावोगाव फिरतो, पण स्ट्रोक मिळतात ते कोर्स हँडिकॅपवर. हिशेब असा: इंडेक्स गुणिले कोर्सचा स्लोप (सामान्य खेळाडूला तो किती जड जातो त्याचा आकडा), भागिले 113, आणि त्यात कोर्स रेटिंगमधून (तरबेज खेळाडूकडून अपेक्षित फटके) पार (कोर्सचे ठरलेले फटके) वजा करून उरेल ते मिळवायचं. समजा स्लोप 125, रेटिंग 70.2 आणि पार 71 आहे. 21.4 चे होतात 23.67, त्यातून 0.8 गेले की 22.87, म्हणजे 23. वैयक्तिक स्ट्रोक प्लेच्या, म्हणजे एकूण फटके मोजायच्या, स्पर्धेत बहुधा याचे 95 टक्के धरतात, की झाले 22. 2020 पासून जगभर हीच पद्धत आहे आणि आपल्याकडे इंडियन गोल्फ युनियन तिचा कारभार पाहते. टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, बदलली की स्लोप आणि रेटिंगही बदलतं. निळ्या टीवरून खेळून पांढऱ्या टीचा तक्ता वाचणारे महाभाग आमच्याकडे आहेत.

मॅच प्लेमध्ये दोघांनी आपापले पूर्ण स्ट्रोक घेणं

मॅच प्लेमध्ये एकेक होल जिंकायचा असतो. त्यातली ही माझी सगळ्यात नावडती चूक. कारण ती मी स्वतः केली आहे, तीही गटातल्या नॉकआउटच्या फायनलला.

पुण्याच्या वाटेवरचा एक कोर्स. एका बाजूला आमचे डॉक्टर, कोर्स हँडिकॅप 11. दुसऱ्या बाजूला वकीलसाहेब, हँडिकॅप 24. मी बरोबर फिरून कार्ड लिहीत होतो. नियम सरळ आहे: कमी हँडिकॅपवाला शून्यावर खेळतो आणि दुसऱ्याला फरकाचे स्ट्रोक मिळतात. 24 वजा 11 म्हणजे 13, म्हणून वकीलसाहेबांना स्ट्रोक इंडेक्स (स्ट्रोक कुठे आधी मिळतात ते सांगणारा, कार्डावर होलला दिलेला क्रम) 1 ते 13 च्या होलवर एकेक. डॉक्टरांना काहीच नाही. पण सकाळी घाई होती, मागचा चौघांचा गट खोळंबला होता, आणि कुणीतरी म्हणालं, "दोघांचे पूर्ण लावा ना, फरक तेरा तो तेराच राहणार." मला पटलं. अजून लाज वाटते.

फरक तेराच राहतो, पण तो जातो कुठे ते बघा. 24 वाल्याला स्ट्रोक इंडेक्स 1 ते 6 वर दोन-दोन आणि 7 ते 18 वर एकेक. 11 वाल्याला 1 ते 11 वर एकेक. आता होलवार वजाबाकी करा. 1 ते 6 वर वकीलसाहेबांना एकाचा फायदा, बरोबर. 7 ते 11 वर दोघांना एकेक, म्हणजे फायदा शून्य, आणि हे चूक. 12 आणि 13 ठीक. 14 ते 18 वर मात्र वकीलसाहेबांना एकेक स्ट्रोक फुकट. पाच होलचे स्ट्रोक उचलून भलत्याच पाच होलवर जाऊन बसले.

सतरावा होल पार तीन, स्ट्रोक इंडेक्स 16. तोवर सामना बरोबरीत. डॉक्टरांनी ग्रीनवर टाकून दोन पट (कपाकडे ढकलायचे हलके फटके) मारून तीन केले. वकीलसाहेबांचा बॉल बंकरच्या काठावर आपटला, उडाला आणि घरंगळत ग्रीनवर आला. त्यांचेही तीन. माझ्या कार्डावर मात्र त्यांना तिथे एक स्ट्रोक होता, म्हणून नेट दोन. वकीलसाहेब एक अप, म्हणजे एका होलने पुढे. अठरावा हाफ, म्हणजे बरोबरीत झाला आणि चषक त्यांना गेला.

परतताना उत्सव चौकात चहाला थांबलो. मला राहवेना, म्हणून वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर सगळं पुन्हा मांडलं. सहा होलचे निकाल बदलत होते, दोन वकीलसाहेबांच्या बाजूने आणि चार डॉक्टरांच्या. खरं तर डॉक्टर एकने जिंकले होते. आता काही करता येणार नव्हतं. गोल्फचा नियम 3.2 सांगतो की स्ट्रोक चुकीचे लावून दोघांनी होलचा निकाल मान्य केला आणि पुढच्या होलचा पहिला फटका मारण्याआधी तो दुरुस्त केला नाही, तर तो तसाच राहतो. डॉक्टर हसले, पण चहा अर्धाच प्यायले. "फरक तेराच राहणार" म्हणणारा माणूस तेव्हा वडापाव आणायला गेला होता.

याच नियमात आणखी एक कलम आहे. मॅचआधी आपला हँडिकॅप खऱ्यापेक्षा जास्त सांगितलात आणि समोरच्याने पुढचा फटका मारण्याआधी सुधारला नाहीत, आणि त्याने स्ट्रोकांची संख्या बदलत असेल, तर थेट बाद. कमी सांगितलात तर शिक्षा नाही, पण त्या कमी आकड्यावरच खेळायचं.

चौघांच्या फोर-बॉल मॅचला हाच गोंधळ दुप्पट होतो. तिथे आधी 90 टक्के काढायचे, मग चौघांतला सर्वांत कमी तो शून्य, आणि बाकी तिघांचा फरक त्याच्यापासून. आपल्या "जोडीदाराच्या समोरच्यापासून" नाही. हे मी गेल्या वर्षात चारदा सांगितलंय.

स्टेबलफोर्डमध्ये शेवटी बेरीज करणं

स्ट्रोक प्लेमध्ये एकूण बेरजेतून हँडिकॅप वजा केला की नेट मिळतं. स्ट्रोक कुठल्या होलवर पडले याने तिथे फरक पडत नाही. नवशिक्यांची सवय इथेच बिघडते. स्टेबलफोर्ड हा होलवार गुणांचा खेळ, तिथे प्रत्येक होलचं नेट वेगळं काढावं लागतं: नेट बर्डीला (पारपेक्षा एक कमी) 3 गुण, नेट पारला 2, नेट बोगीला (पारपेक्षा एक जास्त) 1, त्याहून वाईट असेल तर शून्य. शून्याखाली काही नाही. म्हणून एखाद्या होलवर दहा झाले, तर तिथला स्ट्रोक वाया गेला. तो दुसरीकडे वळवता येत नाही. "ग्रॉसवर, म्हणजे मारलेल्या फटक्यांवर, गुण काढतो आणि शेवटी हँडिकॅप मिळवतो" हा शॉर्टकट ऐकला की मी कार्ड परत देतो, पुन्हा लिहून आणा.

उलट चूक त्याहून दुःखाची. आमच्यातला एक तरुण, हँडिकॅप 24. पार चारचा होल, स्ट्रोक इंडेक्स 4. सहा फटके झाले होते आणि बॉल कपापासून जेमतेम फूटभर. "डबल बोगी झालाच आहे, आता काय," असं म्हणून त्याने बॉल उचलला. अरे बाबा, तुला इथे दोन स्ट्रोक आहेत! तो पट घातला असता तर सात, नेट पाच, एक गुण. दिवसअखेर तो एकाच गुणाने मागे पडला. लांब फटक्याची नवी काठी, म्हणजे ड्रायव्हर, घ्यायला याच्याकडे अख्खी दुपार असते, 24 वजा 18 करायला मिनिट नसतं.

स्ट्रोक इंडेक्स 1 म्हणजे सर्वांत अवघड होल

असेलच असं नाही. बहुतेक कार्डांवर विषम आकडे एका बाजूच्या नऊ होलवर आणि सम आकडे दुसऱ्या नऊवर असतात. स्ट्रोक दोन्हीकडे सारखे वाटले जावेत, म्हणून ही मुद्दाम केलेली पेरणी असते. त्यामुळे 1 आणि 2 हे कोर्समधले सर्वांत कठीण दोन होल असायलाच हवेत असं नाही. "हा होल सोपा आहे, इथे स्ट्रोक कशाला?" असा वाद टीवर घालू नका, मागे लोक थांबलेले असतात.

बाकीच्या, थोडक्यात

महिलांच्या कार्डावर स्ट्रोक इंडेक्स वेगळा असू शकतो. नवऱ्याच्या ओळीतून वाचू नका.

प्लस हँडिकॅपवाला (शून्य हँडिकॅपहूनही सरस खेळाडू) स्ट्रोक परत देतो, आणि तेही स्ट्रोक इंडेक्स 18 पासून. आमच्या गटात हा प्रसंग येण्याची शक्यता नाही.

हँडिकॅपसाठी स्कोअर भरताना होलवर कमाल मर्यादा नेट डबल बोगीची: पार अधिक दोन, अधिक तिथे मिळणारे स्ट्रोक. 24 वाल्याला स्ट्रोक इंडेक्स 2 च्या पार चारवर आठ. अकरा झाले असले तरी भरायचे आठच. ज्याला अजून हँडिकॅपच मिळालेला नाही, त्याला पार अधिक पाच. आणि पहिला हँडिकॅप 54 होलचे स्कोअर भरल्यावर मिळतो. "दोन राउंड झाले, आता देऊन टाका" असं मला म्हणू नका.

मोबाइलवरच्या ॲपवर माझा राग नाही. पण त्यात चुकीचा हँडिकॅप टाकलात, तर ते अठरा होल चुकीचं उत्तर बिनचूक देत राहतं.

माझी पद्धत जुनाट आहे. गाडीतून उतरण्याआधी डॅशबोर्डवर कार्ड ठेवायचं आणि ज्या होलवर स्ट्रोक आहे, त्या चौकोनाच्या कोपऱ्यात पेन्सिलने टिंब. दोन असतील तर दोन टिंबं. मग सगळी टिंबं मोजायची. हँडिकॅपइतकी भरली पाहिजेत, मॅच असेल तर फरकाइतकी आणि तीही एकाच्याच ओळीत. चार मिनिटं लागतात. पेन नको. जुलैत खारघरच्या पावसात पेनची शाई पसरते आणि दोन टिंबांचं एक होतं.

गेल्या महिन्यात डॉक्टर आणि वकीलसाहेब पुन्हा समोरासमोर आले. आता हँडिकॅप 12 आणि 22. वकीलसाहेबांनी माझ्या हातातून कार्ड घेतलं, चष्मा वर सरकवून टिंबं मोजली आणि डॉक्टरांच्या हातात दिलं. डॉक्टरांनीही मोजली. दहा होती.