भंगारातून तिपाई घडवताना

भंगारातल्या वस्तूंपासून रोजच्या वापराची कलावस्तू घडवायची असेल, तर आराखड्याच्याही आधी धातू ओळखावा, कारण तुकडे कसे जोडायचे हे त्यांच्या आकारावर नव्हे, तर धातूवर ठरते. एका जुन्या दातेरी चाकाला सळयांचे पाय लावून तिपाई करायची आहे, असे धरून चालू. पाय तीनच घ्यावेत, म्हणजे जमीन उंचसखल असली तरी ती डुगडुगणार नाही.

प्रथम चाकाला चुंबक लावावा. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियमला तो चिकटत नाही. चिकटला, तर खालच्या बाजूला लहान भोक पाडून पाहावे. साध्या पोलादातून ड्रिलभोवती लांब, वळलेला कीस निघतो. बिडातून, म्हणजे ओतीव लोखंडातून, मात्र करडा, ठिसूळ चुरा पडतो आणि तो पेन्सिलीच्या शिशासारखा बोटांना माखतो. बिडाला घरी वेल्डिंग करूच नये, असे माझे ठाम मत आहे, कारण सांधा निवताना शेजारीच तडा जातो. तिथे नट-बोल्ट वापरावेत, आणि ते लपवण्याचा खटाटोपही करू नये. नीट बसवलेला बोल्ट डोळ्यांना खुपत नाही. कानस नुसती घसरत असेल, तर ते पोलाद कडक केलेले असते. त्यावर वजन पेलणारा सांधा घेऊ नये.

जस्ताचा मुलामा असलेले तुकडे वेल्डिंगसाठी टाळावेत. जस्त सुमारे ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि त्याचा धूर छातीत गेल्यास थंडी वाजून ताप येतो. बंद डबे आणि इंधनाच्या जुन्या टाक्या धुतलेल्या असल्या तरी त्यांवर ज्योत धरू नये. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होऊ शकतो.

गंजलेला भाग रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून तारेच्या ब्रशने घासावा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा आणि ताबडतोब कोरडा करावा, नाहीतर काही वेळातच पुन्हा तांबूस थर धरतो.

पाय पोलादी चाकाला वेल्ड करायचे असल्यास आधी तिन्ही पायांना फक्त टाके, म्हणजे वेल्डिंगचे लहान ठिपके, मारून तिपाई उभी करून पाहावी, आणि मगच आळीपाळीने सांधे पूर्ण करावेत. एकच सांधा सलग भरला, तर उष्णतेने पाय ओढला जातो.

शेवटी सर्व कडांवरून सुती कापड फिरवावे. जिथे धागा अडकतो, तिथे अजून कानस हवी. मग धातू किंचित गरम करून मधमाश्यांच्या मेणाचा पातळ हात द्यावा. तिपाई ओलाव्यात राहणार असेल, तर मेणाऐवजी पारदर्शक लॅकर लावावे.