विश्वासाचा रोजचा नेम कसा लावावा आणि कसा टिकवावा

तपसाधना, म्हणजे चर्चने ठेवलेले प्रार्थना-मननाचे दिवस, आटोपून घरी येताना मन भरून आलेलं असतं. उद्यापासून रोज बायबल वाचायचं, रोज प्रार्थना करायची असं ठरतं. आठवडाभर चालतंही. मग घरात लग्न निघतं, पाहुणे येतात, बोट लावायची वेळ बदलते आणि नेम सुटतो. पुढचं वर्षभर मग अपराधी वाटत राहतं. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही वाडीत हेच ऐकायला मिळतं. पण विश्वासात खोल गेलेली जी माणसं मी जवळून पाहिली, त्या सगळ्यांच्या नेमात खंड पडलेले होते. खंड पडला की ती पुन्हा बसायची, एवढंच. ते पुन्हा बसणं कसं जमवायचं, ते इथे सांगतो.

पहिली पायरी: नेम कामाला बांधा

‘पहाटे पाचला उठेन’ हा संकल्प किनाऱ्यावरच्या घरात टिकत नाही. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि तिच्याबरोबर घराची झोप, जेवण, बाजार सगळंच सरकतं. म्हणून घड्याळ सोडा आणि रोज न चुकता होणारं एखादं काम धरा. चहाचं आधण ठेवलं की, जाळी होडीत भरायच्या आधी, किंवा चर्चची संध्याकाळची घंटा झाली की. बायबलमधला संदेष्टा दानीएल दिवसातून तीनदा यरुशलेमकडे उघडणाऱ्या खिडकीशी गुडघे टेकत असे. प्रार्थनेवर राजाची बंदी आली, त्या दिवशीही त्याने पूर्वीप्रमाणेच केलं, असं शास्त्र सांगतं. त्या ‘पूर्वीप्रमाणे’मध्येच त्याचं सगळं बळ होतं. संकटाच्या दिवशी त्याला नवं काही ठरवावं लागलं नाही.

सुरुवातीला दहा मिनिटं पुरेत. बायबल छापील घ्या आणि त्या कामाच्या जागीच ठेवा. फोनवर वाचायला गेलात, तर दुसऱ्या ओळीला कुणाचा तरी निरोप येतोच.

दुसरी पायरी: मार्कपासून वाचा

पुष्कळ जण बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरू करतात आणि तिसऱ्या, लेवीयच्या यज्ञविधींपाशी थांबतात. तुम्ही मार्कचं शुभवर्तमान घ्या. येशूचं जीवन सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांतलं ते सगळ्यात छोटं, अध्याय सोळाच. रोज अर्धा अध्याय वाचला तरी महिन्याभरात येशूचं सगळं जीवन डोळ्यांखालून जातं. जुनं भाषांतर जड वाटत असेल, तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल घ्या.

वाचा मोठ्याने. आपल्या किनाऱ्याची ही जुनीच रीत आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेलं ख्रिस्तपुराण, म्हणजे बायबलमधली कथा सांगणारं मराठी काव्य, ओवीत रचलं ते लोकांनी कानांनी ऐकावं म्हणून, आणि पुढे कित्येक वर्षं लोक ते चर्चमधून गात राहिले. कानावर पडलेलं वचन दिवसभर सोबत राहतं. वाचून झालं की वहीत तारीख घाला आणि एकच ओळ लिहा: आज काय टोचलं, किंवा कशाने धीर आला. समजलं नाही, तर ‘हे समजलं नाही’ असं लिहा. हीच वही घेऊन कधीतरी फादरांकडे किंवा पाळकांकडे जाता येतं, आणि नेमका प्रश्न घेऊन आलेल्या माणसाशी बोलायला त्यांनाही बरं वाटतं.

तिसरी पायरी: प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा

‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ आपण झोपेतही म्हणू शकतो, आणि अडचण तिथेच आहे. रोज एका वाक्यापाशी थांबा. ‘आमची रोजची भाकर’ या शब्दांशी आलात की आजच्या गरजा नावानिशी मांडा: मुलीची फी, बोटीचं डिझेल, आईचं गुडघ्याचं दुखणं. ‘आमच्या अपराधांची क्षमा कर’ म्हणताना कालचा एक प्रसंग आठवा. सात-आठ दिवसांत प्रार्थना पुरी होते, मग पुन्हा पहिल्या वाक्यापासून.

समुद्रावर पुस्तक भिजतं, म्हणून बायबलच्या स्तोत्रसंहितेतली दोन स्तोत्रं पाठ असू द्या. तेविसावं सहाच ओव्यांइतकं आहे. दुसरं एकशे सातावं, तेही निदान २३ ते ३० या ओळी. गलबतांतून समुद्रावर जाणारी माणसं, आभाळाला भिडणारी लाट, धीर सुटलेले खलाशी आणि मग शांत झालेलं पाणी, हे सगळं त्यात आहे. ज्यांची माणसं रात्री समुद्रावर असतात, त्या घरांतल्या बायांनीही हे पाठ करावं.

चौथी पायरी: कोरड्या दिवसांतही बसा

इथेच बहुतेकांचा नेम मोडतो, म्हणून जरा सविस्तर. एक वेळ अशी येते की वाचताना काही वाटत नाही. शब्द कोरडे लागतात, प्रार्थना छताला आपटून परत आल्यासारखी वाटते. माणूस म्हणतो, माझा विश्वासच उडाला. तो उडालेला नसतो. मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली, तेव्हा कळलं की त्यांनी कित्येक दशकं असा अंधार सोसला होता. तरीही प्रार्थना आणि गरिबांची सेवा त्यांनी सोडली नाही.

येशूचा मच्छीमार शिष्य शिमोन पेत्र याचा प्रसंग आपल्याइतका कुणाला कळणार? रात्रभर जाळी टाकून हाती काही नाही, आणि सकाळी तो किनाऱ्यावर जाळी धूत बसलेला. रिकाम्या रात्रीनंतरही त्याने जाळी धुवायला घेतली होती. म्हणून येशूने ‘खोल पाण्यात ने’ म्हटलं, तेव्हा टाकायला जाळी तयार होती. कोरड्या दिवसातली दहा मिनिटं म्हणजे ते जाळी धुणं आहे.

वसईच्या संत गोन्सालो गार्सियांचं आयुष्य पाहा. तरुणपणी जपानात जेसुइट या धर्मसंघाबरोबर काम केलं, पण त्या संघात प्रवेशाची इच्छा पुरी झाली नाही. मग व्यापारात पडले. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात बंधू झाले, दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रूसावर प्राण दिला. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. मधली ती व्यापाराची वर्षं बाहेरून पाहणाऱ्याला फुकट गेल्यासारखीच दिसली असतील.

आणि खंड पडला तर? राहिलेलं भरून काढायला जाऊ नका. चार दिवसांचे अध्याय एका बैठकीत उरकायला बसलं की पाचव्या दिवशी वही उघडावीशी वाटत नाही. इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, त्या-त्या दिवसापुरताच मिळत असे, आणि सकाळपर्यंत साठवलेल्यात किडे पडत. आजची तारीख घाला आणि आजचंच वाचा.

पाचवी पायरी: एक माणूस सोबत घ्या

रविवारची मिस्सा किंवा उपासना चुकवायची नाही, हे वेगळं सांगायला नको. त्याशिवाय आठवड्यातून एकदा ‘या आठवड्यात काय वाचलंस?’ असं विचारणारं कुणीतरी हवं. भाऊ, जाऊबाई, शेजारची मावशी, कुणीही चालेल. मे महिन्यात वाडीतल्या क्रूसाजवळ रोझरीला, म्हणजे मण्यांच्या माळेवरच्या प्रार्थनेला, जमता ना, तिथेच अशी जोडी सापडते.

सहावी पायरी: वहीतली ओळ व्यवहारात उतरवा

ही पायरी गाळली, तर बाकी सगळं नुसतं पाठांतर. खोटा तराजू परमेश्वराला वीट आणतो, असं नीतिसूत्रांत आहे. मासळीबाजारात बसणाऱ्या बाईला त्याचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको. कालची मासळी ताजी म्हणून वाट्यात घालायची नाही, इतकं ते सरळ आहे.

याहून अवघड म्हणजे बांधाचा वाद. कोकणात हातभर जमिनीसाठी सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत आणि रविवारी एकाच चर्चमध्ये दोन टोकांना बसतात. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, वेदीशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. म्हणून महिन्यातून एकदा वही चाळा आणि जे नाव पुन्हा पुन्हा आलंय त्या घरी जा. जमिनीचा विषय पहिल्या भेटीत काढू नका. आजारी आहे का विचारा, चहा घ्या, उठा. पुढच्या महिन्यात पुन्हा जा. दार उघडलं नाही, तरी त्याचं नाव प्रार्थनेत राहू द्या.

कधी सुरू करावं

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, चांगला, कारण तेव्हा सगळी मंडळीच नेमात असते. मच्छीमार घरांना १ जून ते ३१ जुलै हा यांत्रिक बोटींच्या मासेमारी बंदीचा काळ उत्तम. माणसं घरी असतात, जाळी विणत बसलेली असतात, आणि एकाने वाचलं तर बाकीच्यांना हात न थांबवता ऐकता येतं. त्या दोन महिन्यांत मार्क सहज होतो. मग लूक घ्या, अध्याय चोवीस, आणि त्याला लागूनच प्रेषितांची कृत्ये, कारण दोन्ही एकाच माणसाने लिहिली आहेत. स्तोत्रं मात्र मधे थांबवू नका. रात्री जेवणाआधी एक धरलं, तर दीडशे स्तोत्रं पाच महिन्यांत होतात. एकशे एकोणिसावं १७६ ओळींचं आहे, ते तुकड्या-तुकड्यांनी वाचा.