बाळंतिणीच्या छातीला हात हलकाच लावावा

बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत दूध कमी दिसते म्हणून घरची मंडळी धास्तावतात, आणि गोव्यात बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणारी बाई त्याच काळजीपोटी कोमट खोबरेल घेऊन छाती रगडू लागते. तिची माया खरी असते, पण रगडल्याने दूध वाढत नाही. बाळ जितके ओढते आणि स्तन जितका रिकामा होतो, तितके नवे दूध तयार होते. मालिशीने एवढेच साधते, की शरीर सैलावून पान्हा लवकर फुटतो आणि छाती मऊ झाल्याने बाळाला ती तोंडात नीट धरता येते.

पाजण्यापूर्वी हात साबणाने धुवून, पाठ टेकून बसावे आणि दोन-तीन मिनिटे बोटे लहान गोलाकार फिरवत बाहेरून स्तनाग्राकडे न्यावीत. बाळाच्या गालाला तेल लावताना हाताचा जो दाब असतो, तेवढाच येथे पुरे. दुखू लागले तर दाब जास्त झाला असे समजावे. स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाला तेल लावू नये, बाळाची पकड निसटते.

बाळ ओढत नसेल तर अंगठा वर व दोन बोटे खाली, स्तनाग्रापासून 2-3 सेंटीमीटर मागे ठेवून आधी मागे बरगड्यांच्या दिशेने, मग एकमेकांकडे दाबून सोडावीत. सुरुवातीला पिवळसर, चिकट असे मोजके थेंबच चमच्यात पडतात. हाच चीक, तो कधीही फेकू नये, त्याच चमच्याने बाळाला पाजावा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दाटून दगडासारखी झाली, तर काळसर भागाभोवती बोटे मिनिटभर हळू दाबून धरावीत, मग पाजावे. पाजून झाल्यावर थंड ओले फडके ठेवावे. गाठ फोडण्यासाठी जोर लावल्यास सूज वाढते. छाती लाल, गरम होऊन ताप आला तर मालिश थांबवावी, पाजणे मात्र चालू ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

दूध पुरते की नाही, हे छातीच्या आकारावरून ठरवू नये. बाळाने 24 तासांत 8 ते 12 वेळा प्यावे, पाचव्या दिवसानंतर दिवसाला किमान 6 लंगोट ओले करावेत आणि दोन आठवड्यांत जन्माच्या वेळचे वजन भरून काढावे. तसे होत नसेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) बाळाला वजनासाठी न्यावे, आणि डॉक्टरांसमोरच त्याला पाजून दाखवावे.